घातांची निमकी

जामनेरच्या आसपास शेतजमिनीचे प्लॉट पडायला लागले तेव्हापासून एक प्रश्न माझ्याकडे वर्षा-दोन वर्षांनी हमखास येतो. माणूस वेगळा असतो, प्रश्न तोच. "सर, एक गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस. मला दोन गुंठे पाहिजेत, चारी बाजू सारख्या. तर कंपाउंडला एका बाजूला किती फूट धरू?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याची सुरुवातही पक्की आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या जमिनी ३३ फुटांच्या साखळीने मोजल्या गेल्या. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर आले, पण प्लॉटचा सौदा अजून गुंठ्यातच होतो.

उत्तरे दोन येतात. कोणी म्हणतो, दोन गुंठे म्हणजे दुप्पट, तेव्हा बाजू ६६ फूट. ६६ गुणिले ६६ करून पाहा: ४३५६. हे दोन नव्हे, चार गुंठे झाले. दुसरा जरा सावध असतो. दुप्पट नको, दीडपट करू म्हणतो, म्हणजे साडेएकोणपन्नास फूट. दीडपट बाजूने क्षेत्र दीड गुणिले दीड वाढते, म्हणजे सव्वादोन पट. पाव गुंठा शेजाऱ्याच्या हद्दीत गेला. खरी बाजू ३३ आणि साडेएकोणपन्नास यांच्या मधे कुठेतरी आहे. आपल्याला अशी संख्या हवी की तिला तिनेच गुणले की २१७८ यावेत. २१७८ चे वर्गमूळ म्हणजे हीच संख्या.

ती काढायची रीत ज्याने सोप्या शब्दांत लिहून ठेवली त्याच्या ग्रंथांची पाठशाळा आपल्याच जिल्ह्यात होती. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. त्यांनी आपले गाव विज्जलविड सांगितले आहे. ते आज कुठले यावर अभ्यासकांत वाद आहे. पाटणच्या शिलालेखाबद्दल मात्र वाद नाही. चाळीसगावपासून काही कोसांवर, सह्याद्रीच्या कुशीत, पाटणादेवीच्या परिसरात तो सापडला आणि १८६० च्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे ठेवला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले. लेखाचा वरचा भाग संस्कृत आहे. दानाचा तपशील मात्र मराठीत आहे, कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता: पाटणच्या बाजारात जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडले जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यायचा. आठशे वर्षांपूर्वी खान्देशातल्या बाजारकरावर गणिताची शाळा चालली. पूर्वी आम्ही जामनेरहून पीजेच्या, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेच्या, छोट्या गाडीने पाचोऱ्याला जायचो आणि तिथून चाळीसगावची गाडी धरायचो. पाटणला पहिल्यांदा गेलो तो असाच, आणि त्या दगडासमोर उभे राहिल्यावर वर्गमूळ हा परीक्षेचा विषय उरला नाही.

'लीलावती'तली रीत अशी. ज्या संख्येचे वर्गमूळ सरळ निघत नाही तिला एखाद्या मोठ्या पूर्ण वर्गाने गुणा, आलेल्या संख्येचे जवळचे मूळ काढा, आणि त्या मोठ्या वर्गाच्या मुळाने भागा. आपल्या प्लॉटवर लावून पाहू. २१७८ ला १०,००० ने गुणले की २,१७,८०,००० झाले. ४६६६ चा वर्ग २,१७,७१,५५६ आणि ४६६७ चा २,१७,८०,८८९. दुसरा अधिक जवळचा. १०,००० चे मूळ १००, म्हणून ४६६७ ला १०० ने भागायचे: ४६.६७ फूट. गवंड्याच्या भाषेत ४६ फूट ८ इंच. ४६ फूट ८ इंचांचा चौरस दोन गुंठ्यांना जेमतेम ३२ चौरस इंच कमी पडतो, म्हणजे दोन तळहात मावतील एवढी जागा. आणखी नेमके हवे असेल तर १०,००० च्या जागी दहा लाखांचा वर्ग घ्या. रीत तीच, फक्त श्रम वाढतात.

कितीही मोठा वर्ग घेतला तरी हे मूळ पुरते हाती लागत नाही. २ चे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात नेमके बसत नाही. १४० छेद ९९ त्याच्या किंचित खाली आहे आणि ९९ छेद ७० किंचित वर. अशा मुळाला भास्कराचार्य 'करणी' म्हणतात आणि ते काढत न बसता नुसते लिहून ठेवतात: संख्येच्या आधी 'क' अक्षर, जसे 'क २', 'क ८'. आपल्या नववीच्या पुस्तकात हाच शब्द आहे. मुलांना तो विचित्र वाटतो. तो कुठून आला ते पुढे सांगतो.

'बीजगणिता'त त्यांनी करणींच्या बेरजेसाठी जे पहिले आकडे दिले आहेत ते २ आणि ८. मी वर्गात हे उदाहरण नेहमी प्लॉटांवर करतो. दोन गुंठ्यांचा एक चौरस प्लॉट आणि त्याला लागून आठ गुंठ्यांचा दुसरा, दोघांचीही तोंडे एकाच रस्त्यावर. रस्त्याकडची एकूण लांबी किती? मुलांचे पहिले उत्तर असते की दोन आणि आठ दहा, म्हणजे दहा गुंठ्यांच्या प्लॉटच्या बाजूइतकी. मोजायला लावले की ४६ फूट ८ इंच आणि ९३ फूट ४ इंच मिळून १४० फूट भरतात. ही अठरा गुंठ्यांच्या चौरसाची बाजू आहे. भास्कराचार्यांचे उत्तरही 'क १८'च आहे. त्यांचा नियम: दोन संख्यांचा गुणाकार करा, १६, त्याचे मूळ ४, त्याची दुप्पट ८, ती मूळ बेरजेत, दहात, मिळवा. कारणही डोळ्यांनी दिसते. आठ गुंठ्यांची बाजू दोन गुंठ्यांच्या बाजूच्या बरोबर दुप्पट आणि अठरा गुंठ्यांची तिप्पट. पुढच्या एका उदाहरणात त्यांनी ३ आणि ७ घेतले आहेत. तिथे गुणाकार २१, तो पूर्ण वर्ग नाही, म्हणून त्या दोन करणी एकत्र होत नाहीत, शेजारी शेजारी तशाच लिहायच्या. माझ्या मते शाळेत करणी शिकवताना सुरुवात इथून करावी. नियम पाठ करण्याआधी मुलाने दोन प्लॉट काढून पाहावेत.

शेतकऱ्याला हेच गणित दुसऱ्या बाजूनेही भेटते. कपाशी ३ फूट बाय ३ फुटांवर लावली तर एकरी ४८४० झाडे बसतात. कोणी दुप्पट झाडे बसवायची म्हणून अंतर निम्मे, दीड फूट, केले तर झाडे चौपट होतील आणि दाटी होऊन बसेल. दुपटीसाठी अंतर २ फूट दीड इंच, म्हणजे ३ भागिले २ चे वर्गमूळ.

आता या सगळ्याचे दुसरे नाव. 'घात' म्हणजे गुणाकार. भास्कराचार्य हा शब्द याच अर्थाने वापरतात. २ चा तिसरा घात म्हणजे तीन वेळा २ घेऊन केलेला गुणाकार, ८. घातांक सांगतो की किती वेळा. आठवीत एक दिवस फळ्यावर २ चा १/२ घात येतो आणि हुशार मूल हात वर करून विचारते, "सर, अर्ध्या वेळा गुणायचं म्हणजे काय करायचं?" या प्रश्नाला 'ती व्याख्या आहे, लिहून घ्या' हे उत्तर देऊ नये. मला शाळेत तेच मिळाले होते आणि पुढची कित्येक वर्षे मी ते चिन्ह न समजताच वापरले.

उत्तर पोस्टात आहे. किसान विकास पत्र १ एप्रिल १९८८ ला सुरू झाले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. समजा १०,००० रुपये गुंतवले आणि वाढ एकसारख्या गतीने होते आहे. निम्म्या मुदतीला, पावणेतीन वर्षांनी, किती झाले असतील? पंधरा हजार म्हणावेसे वाटते. पण पहिल्या निम्म्या मुदतीत पैसे दीडपट झाले असतील तर दुसऱ्या निम्म्या मुदतीतही दीडपट व्हायला हवेत, आणि पंधरा हजारांची दीडपट साडेबावीस हजार होते. मिळाले तर वीसच. म्हणजे निम्म्या मुदतीची पट अशी हवी की ती दोनदा लावली की २ व्हावेत. ती १.४१४२. पावणेतीन वर्षांनी १४,१४२ रुपये. (पत्र मुदतीआधी मोडले तर टपाल खाते आपल्या तक्त्याप्रमाणे पैसे देते; आपण इथे केवळ वाढीची चाल पाहत आहोत.)

ही तीच संख्या आहे. ३३ ला १.४१४२ ने गुणा, ४६ फूट ८ इंच येतात. प्लॉटमध्ये ती दुपटीच्या क्षेत्राची बाजू होती, पोस्टात ती दुपटीची अर्धी वाट आहे. २ चा १/२ घात म्हणजे दुपटीकडे जाणाऱ्या गुणाकाराच्या वाटेवरचा मधला थांबा. अर्ध्या वेळा गुणायचे म्हणजे असे गुणायचे की तसेच आणखी एकदा गुणले की एक पूर्ण वेळ भरेल. २ चा तिसरा घात गुणिले २ चा चौथा घात बरोबर २ चा सातवा घात. घातांकांची बेरीज होते. हा जुना नियम अर्ध्यालाही लागू राहिला पाहिजे, एवढाच आपला आग्रह. अर्धा अधिक अर्धा एक, म्हणून १/२ घाताला १/२ घाताने गुणले की २ चा पहिला घात, म्हणजे २, यायलाच हवा. वर्गमूळ वगळता दुसरी कोणतीही धन संख्या ही अट पाळत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. दुकानदार औटकीने, साडेतीनच्या पाढ्याने, चटकन हिशेब करायचे. अपूर्णांकाचा पाढा असू शकतो हे मराठी मुलाला लहानपणीच कळत असे. अपूर्णांकी घातांक म्हणजे त्याच पाढ्यांची पुढची पायरी: पाढ्यात बेरजेचा पाव, निम्मा, पाऊण हिस्सा असतो, इथे गुणाकाराचा. दुकानातले साधे कॅल्क्युलेटर घ्या, ज्यावर √ ची कळ असते. २ लिहून ती कळ एकदा दाबा: १.४१४२, हा २ चा निम्मा घात. पुन्हा दाबा: १.१८९२, हा पाव घात. पाऊण हवा असेल तर निम्मा आणि पाव यांचा गुणाकार करा: १.६८१८. औट हवा असेल तर तीन वेळचे ८ आणि निम्म्याचे १.४१४२ यांचा गुणाकार, ११.३१. ही कळ दाबताना एक लक्षात ठेवायचे, की पाढ्यात निम्मा आणि पाव जोडून पाऊण होतो, तर घातात निम्म्याला पावाने गुणून.

पुन्हा पोस्टात जाऊ. किसान विकास पत्राची मुदत पुढे बदलत गेली. एप्रिल २०२३ पासून दुपटीला ११५ महिने लागू लागले. मग वर्षाची वाढ किती? ११५ महिन्यांच्या वाटेतले १२ महिने, म्हणून २ चा १२/११५ घात. दिसायला अवघड आहे, वाचायला सोपा: खालचा आकडा वाटेचे तुकडे सांगतो, वरचा आपण किती तुकडे चाललो ते. असा एक गुणक घ्या की तो ११५ वेळा लावला की दुप्पट होते. तो आहे १.००६०४६. तो १२ वेळा लावा, १.०७५०. सरकारने जाहीर केलेला ७.५ टक्के दर तोच. १९८८ चा दरही असाच निघतो. साडेपाच वर्षे म्हणजे ११ छेद २, म्हणून २ चा २/११ घात, १.१३४, साडेतेरा टक्क्यांच्या जरा आत. 'दुप्पट' आणि मुदत एवढेच माहीत असले तरी पुरते. दर त्यातच दडलेला असतो आणि तो बाहेर काढणारे हत्यार अपूर्णांकी घातांक हेच आहे.

ही लिखाणाची पद्धत भास्कराचार्यांच्या हाती नव्हती. युरोपातही ती सावकाश आली. √ हे चिन्ह १५२५ मध्ये क्रिस्टोफ रुडोल्फच्या जर्मन पुस्तकात छापले गेले. घातांक वर, लहान अक्षरात लिहिण्याची रीत १६३७ च्या देकार्तच्या पुस्तकाने रूढ केली. अपूर्णांकी घाताची कल्पना चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेमने मांडली होती, पण ती तशीच पडून राहिली. जॉन वॉलिसने १६५६ मध्ये तिला पुन्हा उचलले आणि १६७६ च्या पत्रांत न्यूटनने ती सरळ वापरायला घेतली. करणी आणि घात एकाच पाढ्यात बसतात हे कळायला इतकी शतके जावी लागली, म्हणून आठवीच्या मुलाला दोन तास लागले तर शिक्षकाने रागावू नये.

पाऊण घात गोठ्यात भेटतो. २५ किलोची शेळी आणि ४०० किलोचा बैल. बैल वजनाने सोळा पट. नुसते जगण्यासाठी, काम आणि दूध बाजूला ठेवून, बैलाला शेळीच्या सोळा पट खाद्य लागते का? नाही. मॅक्स क्लायबर या मूळच्या स्विस शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये लहानमोठ्या प्राण्यांची आकडेवारी मांडून दाखवले की शरीराचा खर्च वजनाच्या साधारण पाऊण घाताने वाढतो. १६ चा पाऊण घात: √ दोनदा दाबून १६ वरून ४ आणि ४ वरून २, मग त्याचा घन, ८. म्हणजे ढोबळमानाने आठ पट. पशुआहारात खाद्याचे हिशेब आजही वजनाच्या ०.७५ व्या घातावर होतात. एका बैलाच्या वजनाइतक्या सोळा शेळ्या पाळणाऱ्याला चारा जवळपास दुप्पट का लागतो, त्याचे उत्तर या पाऊणकीत आहे.

दीड घात आकाशात आहे. योहान्स केप्लरने १६१९ मध्ये छापलेला नियम: सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत घ्या, त्याचा दीड घात करा, ग्रहाच्या फेरीची वर्षे मिळतात. शनी ९.५४ पट दूर. त्याचे वर्गमूळ ३.०८९, ते पुन्हा ९.५४ ने गुणले की २९.४७. शनीला एक फेरी पुरी करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत वाटले की राशीला अडीच वर्षांच्या जरा आत, आणि तीन राशी ओलांडायला साधारण साडेसात. 'साडेसाती' हा शब्द घरोघरी आहे. त्यातले साडेसात ९.५४ च्या दीड घातातून येतात हे जेव्हा मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मी कितीतरी वेळ कागदाकडे पाहत बसलो होतो. भास्कराचार्यांना शनीच्या फेरीचा काळ उत्तम माहीत होता. अंतराशी त्याचे असलेले हे नाते पुढे केप्लरला सापडले.

एक कुंपण मात्र सांगायला हवे. अपूर्णांकी घात धन संख्येचाच घ्यावा. 'बीजगणिता'त म्हटले आहे की धन संख्येचे मूळ धनही असते आणि ऋणही, पण ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नाही. घनमूळ चालेल असे वाटते: उणे ८ चे घनमूळ उणे २. पण १/३ आणि २/६ एकच. २/६ प्रमाणे आधी वर्ग केला तर ६४ आणि त्याचे सहावे मूळ २. एकाच घाताची दोन उत्तरे, एक उणे २ आणि एक २. पाढा असा फुटतो, म्हणून पुस्तकात 'धन संख्या' ही अट असते.

राहिली करणी. गेल्या उन्हाळ्यात दोन गुंठेवाला जो माणूस आला होता त्याचा माझ्या ४६.६७ वर विश्वास बसेना. "सर, कॅल्क्युलेटर खोटं नाही बोलत, पण मला डोळ्यांनी दाखवा," म्हणाला. आम्ही त्याच्या जागेवर गेलो. एक गुंठा आधीच आखलेला होता, चार कोपऱ्यांत चार खुंट्या. मी त्याला सुतळीचे एक टोक धरायला लावले आणि दुसरे टोक घेऊन तिरपा समोरच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. यज्ञाच्या वेदी आखणारे शुल्बसूत्रांचे कर्ते नेमके हेच करत. बौधायनाने सांगून ठेवले आहे की चौरसाच्या कर्णावर उभारलेला चौरस दुप्पट असतो. ती दोरी दुप्पट चौरस 'करते', म्हणून ती द्विकरणी. करणी हा शब्द तिथून आला. आखलेल्या गुंठ्याचे कर्णाने दोन त्रिकोण होतात. तसे चार त्रिकोण सुतळीच्या चौरसात बसतात, म्हणजे दोन गुंठे. मी हे काठीने मातीत काढून दाखवले. तो दोन वेळा त्रिकोण मोजून हसला, सुतळीला कोपऱ्यावर गाठ मारली आणि खिशातून टेप काढून गाठीपर्यंत मोजली. ४६ फूट ८ इंच.